चोवीस फ्रेमचा दिवस

सकाळी 6. मेणवलीच्या घाटावर कॅमेरा लागतोय. जत्रेचा प्रसंग आहे, कोवळ्या उन्हात मास्टर शॉट उरकायचा आहे. फोकस पुलर लेन्स पुसतोय तोवर मी सेटिंग बघून घेतो: 24 फ्रेम, शटर 172.8 अंश. एरवी सिनेमाचं शटर 180 अंशांचं. पण आपली वीज 50 हर्ट्‌झची; शटर एवढं आवळलं की प्रत्येक फ्रेमला बरोबर सेकंदाचा पन्नासावा भाग उजेड मिळतो, आणि मग दुपारी वाड्यात ट्यूबलाइट असली तरी चित्र फडफडत नाही.

सकाळी 7. दिग्दर्शकाला मांडवाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झपाट्याने पॅन हवाय. इथे चोवीसचं दुखणं खरं आहे. मांडवाचे खांब मॉनिटरवर ठेचकाळत सरकतात. एखादी वस्तू फ्रेमच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जायला सातेक सेकंद द्यावेत, असा कॅमेरामनचा जुना हिशोब. आम्हाला तीनच सेकंद मिळणार. मग तोड काढली: एका लेझीमवाल्या पोराला धरून त्याच्याबरोबर कॅमेरा फिरवायचा. नजर पोरावर खिळली की खांबांचे धक्के जाणवत नाहीत.

दुपारी दीड. जेवताना असिस्टंट विचारतो, "सर, मोबाइलवर गेम साठ फ्रेमला चालतात. मग अख्खा सिनेमाच साठला का नाही काढायचा?"

प्रश्न रास्त आहे. चोवीस हा आकडा काही कलेच्या विचारातून आलेला नाही. मूकपटात कॅमेरा हाताने फिरायचा, फाळक्यांचा 1913चा ‘राजा हरिश्चंद्र’ही तसाच. 1920च्या दशकाच्या शेवटी आवाज आला, तेव्हा वेग पक्का करणं भाग पडलं. आवाज नीट वाजेल आणि फिल्मचा खर्चही झेपेल, असा वेग ठरला 24. प्रोजेक्टरचं शटर प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवायचं, त्यामुळे पडदा लुकलुकायचा नाही.

पीटर जॅक्सनने 2012मध्ये ‘द हॉबिट’ 48 फ्रेममध्ये काढला, अँग ली 2016मध्ये 120पर्यंत गेला. हालचाल काचेसारखी स्वच्छ झाली, पण ‘हॉबिट’ बघताना कित्येकांना सेट सेटच दिसला आणि मेकअप मेकअपच. मी असिस्टंटला म्हटलं, "चल, वाड्यात दाखवतो."

दुपारी 3. आईचा क्लोजअप. बातमी ऐकून ती पदर डोळ्यांना लावते. आधी 24ला घेतला. मग फक्त चाचणीसाठी 48ला, शटर तेच. आता प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा शंभरावा भाग, म्हणजे उजेड निम्मा. गॅफरला आणखी दिवे लावावे लागले आणि बाई घामाने निथळल्या. दोन्ही शॉट मूळ वेगाने लावून बघितले. चोवीसमध्ये पदर वर जाताना किंचित पुसट होतो आणि आपण डोळ्यांकडेच बघत राहतो. अठ्ठेचाळीसमध्ये काठाचा धागान्‌धागा दिसतो. नजर काठावर गेली, दुःख तिथेच सुटलं. या चेहऱ्याला मी 24 सोडून काही देणार नाही.

संध्याकाळी साडेसात. पॅकअप. डेटा कॉपी होतोय. दिग्दर्शकाला सकाळचा पॅन अजून सलतोय. मी जेम्स कॅमेरॉनच्या 2022च्या ‘अवतार’चा दाखला दिला: काही शॉट 48ला, बाकीचे 24ला. 48च्या प्रोजेक्शनमध्ये 24च्या शॉटची प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवली की झालं. वेग सिनेमाचा नव्हे, शॉटचा ठरवावा, हे माझं ठाम मत आहे.

रात्री 10. लॉजच्या टीव्हीवर जुना सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसतोय. टीव्ही मधल्या फ्रेम स्वतःच बनवून घालतोय. टॉम क्रूझने 2018मध्ये व्हिडिओ काढून लोकांना ही सोय बंद करायला सांगितलं होतं. मी सेटिंगमध्ये जाऊन ती बंद केली.

तेवढ्यात दिग्दर्शकाचा फोन: "दादा, पॅन उद्या परत घेऊ, 48ला." शटर 270 अंश ठेवायचं ठरवलं, ‘हॉबिट’मध्ये होतं तेच. म्हणजे एक सोडून एक फ्रेम काढून 24ची प्रत केली, तरी हालचाल फार तुटक दिसणार नाही. उघड्यावर ऊनच असणार, तेव्हा दिव्यांच्या फडफडीची काळजी नाही. कॉल टाइम सकाळी साडेपाच.