लॅमिनेट हवंय? आधी बादली बघा!

पझेशनची तारीख जवळ आली की घराघरात तेच विषय. पडदे कसले, भिंतीला कुठला रंग आणि जमिनीचं काय? बिल्डरनं दिलेल्या दोन बाय दोनच्या क्रीम रंगाच्या व्हिट्रिफाइड टाइल्स आपल्याकडे, शेजाऱ्यांकडे, सासूबाईंकडे आणि ऑफिसच्या लॉबीतही! मग कुणाच्या तरी घरी ती उबदार ‘वुडन लुक’वाली बेडरूम दिसते आणि मन तिथेच अडकतं. खरं सागवानी फ्लोअरिंग ईएमआय भरणाऱ्या खिशाला झेपत नाही. उत्तर तयारच असतं... लॅमिनेट!

या लेखासाठी मी पुण्यातल्या टिंबर मार्केटपासून बाणेरच्या चकाचक शोरूम्सपर्यंत बरीच दुकानं पालथी घातली. बहुतेक ठिकाणी एकच खेळ. सेल्समन खिशातून किल्ली काढतो, सॅम्पलवर कराकरा ओढतो आणि विजयी मुद्रेनं म्हणतो, ‘‘बघा मॅडम, काही होत नाही!’’ खरंच काही होत नाही. पण त्याच तुकड्याच्या कडेवर पेलाभर पाणी ओतून कुणीच दाखवलं नाही. दुकानात ‘टिकाऊ’ म्हणजे ओरखडा न पडणारं. आपल्या घरात ‘टिकाऊ’ म्हणजे पाण्यानं न फुगणारं. या दोन गोष्टींत गल्लत झाली की पैसे गेलेच म्हणून समजा.

सँडविचचा फंडा

लॅमिनेटची पट्टी म्हणजे चार थरांचं सँडविच. सगळ्यात वर पारदर्शक, कडक थर. त्यात ॲल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण असतात. किल्ली हरते ती इथे. त्याखाली लाकडाचा छापील फोटो असलेला कागद. हो, ते सुंदर ओक-अक्रोड म्हणजे फोटोच! मग येतो मुख्य थर, म्हणजे एचडीएफ. लाकडाचा भुगा-तंतू आणि रेझिन दाबून केलेला घट्ट बोर्ड. आणि तळाशी पट्टी वाकू नये म्हणून तोल सांभाळणारा आणखी एक थर.

हा प्रकार १९७७ साली स्वीडनच्या पर्स्टॉर्प कंपनीनं शोधला. पुढे नव्वदच्या दशकात गोंदाशिवाय एकमेकांत अडकणाऱ्या ‘क्लिक’ पट्ट्या आल्या आणि काम झटपट झालं. गंमत म्हणजे स्वीडनमध्येही लोक आपल्यासारखे बूट दाराशी काढूनच घरात येतात. फरक आहे तो पाण्याचा. बादलीत फडकं बुडवून रोज सगळं घर पुसायचं, असा शिरस्ता तिकडे नाही. आपल्याकडे आहे. आणि एचडीएफला पाणी मिळालं की तो पितो, फुगतो आणि पुन्हा मूळ जाडीवर येत नाही. पट्ट्यांच्या कडा वर उचलल्या जातात. दगड किंवा खरं लाकूड घासून-पॉलिश करून सावरता येतं. इथे घासणार काय, फोटो?

हा एसी वेगळा!

दुकानात ‘एसी थ्री’, ‘एसी फोर’ असे शब्द कानावर येतील. हा एअर कंडिशनर नव्हे, तर ॲब्रेजन क्लास. पृष्ठभाग घासला गेल्यावर किती तग धरतो, त्याचा युरोपियन दर्जा. एसी १ ते एसी ३ ही घरगुती वापराची चढती भाजणी. एसी ४ ऑफिससारख्या मध्यम वर्दळीसाठी आणि एसी ५ दुकानांसारख्या जास्त वर्दळीसाठी.

आता विचार करा. घरात आपण अनवाणी वावरतो. बेडरूममध्ये एसी ३ पुरेसं आहे. मुलं, पाहुणे, चाकांची खुर्ची असं सगळं असलेल्या हॉलसाठी एसी ४ घ्यावं. एसी ५ म्हणजे टू बीएचकेमध्ये मॉलची सोय! त्यापेक्षा ते पैसे पट्टीच्या जाडीवर आणि खालच्या अंडरलेवर घाला. पट्ट्या साधारण ६ ते १२ मिलिमीटरच्या मिळतात. ८ मिलिमीटरच्या खाली न गेलेलं बरं. जाड पट्टीचं क्लिक मजबूत असतं आणि चालताना ती पोकळही वाजत नाही.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. एसी कितीही मोठा असला तरी त्याचा पाण्याशी काडीचा संबंध नाही. पाण्यासाठी कंपनीची डेटा शीट मागा आणि त्यात ‘थिकनेस स्वेलिंग’ बघा. आकडा टक्क्यांत असतो. जितका कमी तितका बरा. ‘वॉटर रेझिस्टंट’ लॅमिनेटही मिळतं. काही कंपन्या २४ तास, ७२ तास असे दावे करतात. पण ते सहसा वरून सांडलेल्या पाण्याबद्दल असतात. भिंतीच्या कडेनं किंवा खालून शिरणारं पाणी त्यात धरलेलं नसतं. वॉरंटी कार्डावरचा बारीक टाइप म्हणूनच वाचायचा.

खाली काय दडलंय?

अंडरले म्हणजे पट्ट्यांखालची गादी. कोटेशनमध्ये हा शेवटचा आयटम असतो आणि ‘तो फ्रीमध्ये टाकून देतो’ असंही सांगितलं जातं. फ्रीमध्ये येतो तो बहुतेक वेळा पातळ पांढरा फोम. तो लवकर दबतो. दबला की पट्टी वर-खाली हलते आणि क्लिकचे ओठ तुटतात.

अंडरलेची कामं तीन. पहिलं, बारीक उंचसखलपणा सावरणं. पण फक्त बारीकच! दोन मीटरच्या पट्टीखाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर आधी जमीन लेव्हल करून घ्या. दुसरं काम आवाजाचं. आपली टकटक खालच्या मजल्यावर पोचू नये, सोसायटीच्या मीटिंगमध्ये आपला विषय निघू नये. यासाठी घट्ट फोम, कॉर्क किंवा रबर चांगलं. तिसरं काम ओल अडवणं. सिमेंटची जमीन, जुन्या मोझॅक टाइल्स किंवा तळमजला असेल तर अंडरलेखाली ०.२ मिलिमीटरचा प्लास्टिक पेपर हवाच. त्याच्या कडा एकमेकांवर वीसेक सेंटिमीटर चढवून टेप लावायची. काही अंडरलेंना हा पेपर आधीच चिकटवलेला असतो.

आणि जास्त मऊ म्हणजे जास्त चांगलं, हा गैरसमज सोडा. दोन-तीन मिलिमीटर, पण घट्ट, हे गणित बरोबर. दोन थर एकावर एक तर नकोतच.

खोलीगणिक हिशेब

बेडरूम : लॅमिनेटसाठी एकदम फिट. पाणी कमी, वर्दळ कमी. फक्त अटॅच्ड बाथरूमच्या दाराशी हात-दीड हात टाइलच राहू द्या. ओल्या पावलांचा पहिला ठसा तिथेच पडतो. स्प्लिट एसीची पाण्याची नळी तुंबली तर थेंब थेट जमिनीवर, तेव्हा सर्व्हिसिंग वेळेवर. हा एसी त्या एसीला भारी पडतो!

स्टडी किंवा मुलांची खोली : चालेल. खुर्चीची चाकं मऊ घ्या किंवा खाली मॅट टाका. टेबलाच्या पायांना फेल्टचे तुकडे चिकटवा.

हॉल : विचार करून. गॅलरीच्या स्लायडिंगमधून पावसाचे शिंतोडे आत येतात का, हे जुलैत बघा, एप्रिलमध्ये नाही! देवघराचा कोपराही टाइलचाच ठेवा. अभिषेकाचं पाणी, समईचं तेल, हळद-कुंकू... सगळं तिथेच सांडतं.

किचन, बाथरूम, ड्राय बाल्कनी : नाही म्हणजे नाही. तिथे लाकडी लुक हवाच असेल तर लाकडाच्या डिझाइनच्या टाइल्स मिळतात. दगडाची भुकटी आणि प्लास्टिकपासून केलेल्या एसपीसी पट्ट्याही आहेत. त्या पाण्यानं फुगत नाहीत.

सही करण्यापूर्वी

- दहा बाय बाराची खोली १२० चौरस फूट. कापाकापीत जाणारे दहा टक्के धरून १३२ चौरस फूट माल लागेल. स्कर्टिंग, दारातल्या जोडपट्ट्या, अंडरले आणि मजुरी यांचे दर वेगवेगळे लिहून घ्या.
- टाइलवर ८ मिलिमीटर पट्टी आणि ३ मिलिमीटर अंडरले म्हणजे जमीन ११ मिलिमीटर वर येणार. कुठली दारं खालून तासावी लागतील आणि तो खर्च कुणाचा, हे आधीच ठरवा.
- बंद खोकी ४८ तास त्याच खोलीत आडवी ठेवायची. पट्ट्यांना घराची हवा लागू दे.
- चारही भिंतींशी ८ ते १० मिलिमीटर फट हवी. पुण्यात मे महिन्यात कोरडी ठणठणीत हवा आणि जुलैत कपडे वाळत नाहीत अशी दमट. पट्ट्या आकसणार, फुगणार. त्यांना जागा मिळाली नाही तर खोलीच्या मधोमध टेंगूळ! ही फट स्कर्टिंगखाली झाकली जाते. सिमेंटनं बुजवायची नाही.
- ‘ई वन’ हा शिक्का बघा. बोर्डातून बाहेर पडणाऱ्या फॉर्मल्डिहाइडवरची ती मर्यादा आहे. बंद, एसीवाल्या बेडरूममध्ये ते महत्त्वाचं.
- वाळवीचा इतिहास असेल तर आधी पेस्ट कंट्रोल. शेवटी आत लाकूडच आहे.

ज्यांना कुणी विचारत नाही

इंटिरियर डिझायनर, कार्पेंटर, सासू-सासरे, सगळ्यांचं मत घेऊन झालं? आता घरी रोज फरशी पुसणाऱ्या मावशींना विचारा. एका मैत्रिणीकडे नवं लॅमिनेट बसल्यावर मावशींनी तिला विचारलं, ‘‘ताई, पाणी नाही मारायचं तर फरशी स्वच्छ कशी व्हायची?’’ प्रश्न अगदी रास्त होता. इतकी वर्षं ‘नीट, ओलं पुसा’ असं आपणच त्यांना सांगत आलोय. आणि पट्टी फुगली की खापर फुटतं ते त्यांच्याच माथ्यावर. पट्टी निवडताना मात्र त्यांना कुणी बोलावलेलं नसतं.

उत्तर साधं आहे. आधी कोरडा केर, मग घट्ट पिळलेला मायक्रोफायबर मॉप. फडकं फिरल्यावर एखाद्या मिनिटात जमीन कोरडी दिसली पाहिजे. बादली खोलीबाहेर. स्टीम मॉप नको, साबणाचं पाणी ओतणं नको. उभ्यानं मॉप मारला की मावशींचे गुडघेही सुटतात. चांगला मॉप आपण आणून द्यायचा, अंडरलेच्याच बजेटमधून!

आणि ऑर्डर देण्याआधी एक आठवडा घरातली बादली नुसती बघा. किती पाणी लागतं, कुठे सांडतं, किती वेळात वाळतं. पाण्याशिवाय स्वच्छ वाटतच नाही असं घर असेल तर टाइल्स ठेवा आणि एक छानसा गालिचा घ्या. त्यात कमीपणा काहीच नाही. पाणी आवरता येणार असेल, तर मात्र बिनधास्त जा. किल्लीचा खेळ बघून झाला की सेल्समनला म्हणा, ‘‘दादा, आता जरा पाणी आणता का?’’