बाळाचा कोठा आणि अर्धापूरची केळी

बाळाला शी करताना खडा होण्याचा त्रास बहुधा उष्टावणानंतर सुरू होतो. त्याआधी, निव्वळ अंगावर पिणाऱ्या बाळाला चार-पाच दिवस, कधी आठवडाभरही शी होत नाही. पण झाली की ती मऊच असते. आईचे दूध जवळपास सगळे पचते, मागे फारसे काही उरत नाही. तान्हे बाळ लालबुंद होऊन कुंथते आणि मग पातळच शी करते, तेही बद्धकोष्ठाचे लक्षण नव्हे. पोटाने जोर लावताना गुदद्वार सैल सोडायचे, हे त्याला अजून साधलेले नसते; काही आठवड्यांत साधते. बद्धकोष्ठ ओळखायचे ते मुख्यतः शीच्या रूपावरून: शेळीच्या लेंड्यांसारख्या कोरड्या गोळ्या, करताना रडारड, कधी वर रक्ताची रेघ.

मोठे आतडे पाणी शोषून घेते. मळ तिथे जितका रेंगाळेल तितका तो सुकतो. उष्टावणानंतर घरोघरी पेज, मऊ भात आणि दुधात कुस्करलेले बिस्किट सुरू होते. तिन्हींत चोथा नावालाच. त्यात नांदेड-लातूरकडचा उन्हाळा, पारा चाळिशीपार. बाळ खाऊ लागले म्हणून अंगावरचे पाजणे कमी होते आणि पाणी द्यायचेही राहून जाते. या तीन पदार्थांत मैद्याचे बिस्किट सर्वांत निरुपयोगी, आणि तेच सर्वांत लाडके.

अर्धापूरच्या बागांमुळे नांदेड भागात केळ बारमाही मिळते आणि बाळाचे पहिले फळही बहुधा तेच असते. ते कोठा बांधते की मोकळा करते, हा वाद घराघरांत चालतो. खरे तर दोन्ही बाजू बरोबर आहेत. कच्च्या केळातला बराच स्टार्च लहान आतड्यात पचत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याची मेदाम्ले बनवतात आणि त्यामुळे क्षार व पाणी जास्त शोषले जाते. ढाक्याच्या अतिसार संशोधन केंद्रात चिघळलेल्या हगवणीच्या मुलांना शिजवलेले कच्चे केळ देऊन पाहिले, तेव्हा जुलाब लवकर आटोक्यात आले. हे संशोधन २००१ साली प्रसिद्ध झाले. केळ पिकताना याच स्टार्चची साखर होते. म्हणून खडा होणाऱ्या बाळाला सालीवर तपकिरी ठिपके आलेले केळ द्यावे, देठाशी हिरवे असलेले नको. तरीही पिकलेल्या केळाकडून फार अपेक्षा नको. ते अडवत नाही, इतकेच.

खरे काम पेर आणि सुके आलुबुखार करतात. त्यांतली सॉर्बिटॉल नावाची साखर नीट शोषली जात नाही आणि आतड्यात पाणी धरून ठेवते. ही फळे महाग पडली तर पिकलेली पपई, बिया काढून गाळलेला पेरू किंवा रात्रभर भिजवून बारीक वाटलेल्या काळ्या मनुका चालतात. अख्खी मनुका घशात अडकते, ती देऊ नये.

धान्यात मराठवाड्याची ज्वारी उजवी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा असतो, पांढऱ्या तांदळात जेमतेम ३. ज्वारीचे पीठ तुपावर भाजून पातळ शिजवावे. त्यात मुगाची किंवा तुरीची डाळ आणि थोडा पालक घोटावा. वरणाचे नुसते वरचे पाणी पाजण्यात अर्थ नाही, चोथा खाली बसलेल्या डाळीत असतो. चोथ्याबरोबर पाणीही हवे, नाहीतर खडा आणखी घट्ट होतो. सहा महिने पूर्ण झाल्यावर उकळून गार केलेले पाणी खाण्यासोबत वाटी-चमच्याने द्यावे. त्याआधी भर उन्हाळ्यातही नको. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते.

बाळगुटीच्या चाटणात मध घालण्याची चाल मात्र सोडावी. वर्षाआतल्या बाळाच्या आतड्यात मधातले बोट्युलिनमचे बीजाणू रुजू शकतात, आणि त्या विषबाधेचे पहिले लक्षण बहुधा बद्धकोष्ठच असते. गाई-म्हशीचे दूधही वर्षापर्यंत मुख्य आहार म्हणून नको. एरंडेल, साबणाची कांडी आणि तेलात बुडवलेला विड्याच्या पानाचा देठ हे उपाय नाजूक जागेला इजा करतात किंवा जुलाबाने बाळाला सुकवतात.

काही बाळांचा त्रास खाण्याने सुटणारा नसतो. जन्मानंतर ४८ तासांत पहिली काळी शी झाली नसेल, पोट फुगून हिरवी उलटी होत असेल, वजन वाढत नसेल, तर बालरोगतज्ज्ञाकडे लगेच न्यावे. १८८६ मध्ये हॅराल्ड हिर्शस्प्रुंग या डॅनिश डॉक्टरांनी वर्णन केलेल्या विकारात आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशीच नसतात. तिथे पपई चालत नाही, शस्त्रक्रिया लागते.