जुनी जीप किती उचलावी?



आपल्या साकोलीतून राष्ट्रीय महामार्ग ५३ जातो. त्यावरून गावाकडं वळलं की थोड्याच वेळात डांबर संपतं आणि पांदण सुरू होते. रोवणीच्या दिवसांत त्या पांदणीत बैलगाडीची चाकोरी इतकी खोल होते की साधी गाडी पोटावर बसते. म्हणून काही घरांत अजून जुनी जीप जपून ठेवलेली असते. ती फसायला लागली की कुणीतरी सल्ला देतो, "गाडी उचलून घ्या, चार इंच वर करा." याला गॅरेजात ‘लिफ्ट’ म्हणतात. हा खर्च करावा का, करायचा तर कसा, ते आज बघू.

हा बाप्यांचा विषय आहे म्हणून उठू नका. रोवणीला जाताना त्या जीपच्या मागच्या बाकावर आपणच बसतो, लेकरं मांडीवर घेऊन. पैसाही घरातूनच जातो.

आधी गाडीची रचना समजून घेऊ. १९४०च्या दशकाच्या शेवटी महिंद्रानं मुंबईत अमेरिकन विलिस जीप जोडायला सुरुवात केली. उंच बॉनेटची सीजे-३बी त्याच घराण्यातली. या गाड्यांत मोटारीची सांगाडापट्टी, म्हणजे चेसिस, पोलादी पाट्यांच्या कमानींवर टेकलेली असते. जुन्या दमणीला असतात तशाच या कमानी. दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा म्हणजे ॲक्सल. त्याच्यावर जो फुगीर भाग दिसतो त्याला मिस्त्री ‘गोळा’ म्हणतात. चाकांना ताकद वाटून देणारे दाते त्यात असतात.

आता मुख्य मुद्दा. कमान उंच केली की वर जातं ते चेसिस आणि बॉडी. गोळा मात्र चाकांसोबत जमिनीपासून तेवढ्याच अंतरावर राहतो. चिखलाच्या चाकोरीत गोळाच अडकत असेल, तर चार इंचांच्या लिफ्टनं तो केसभरही सुटणार नाही. गोळा वर येतो तो फक्त टायर मोठा केल्यानं, आणि तोही टायरचा व्यास जितका वाढला त्याच्या निम्मा. ६.००-१६ च्या जागी ७.००-१६ टायर घातला तर व्यास दीड-दोन इंच वाढतो, म्हणजे गोळा पाऊण ते एक इंच वर येतो. तेव्हा पैसे देण्याआधी एकच प्रश्न विचारा: गाडीचं नेमकं काय टेकतं? खाली वाकून बघा. चिखलाचे ताजे ओरखडे कुठं आहेत ते लगेच दिसतं.

दुसरी गोष्ट. बहुतेक जुन्या जीपना नवी उंची नको असते, गमावलेली उंची परत हवी असते. वर्षानुवर्षं धानाची पोती वाहून पाटे बसतात. सपाट जागी, टायरमध्ये बरोबर हवा भरून, गाडी रिकामी उभी करा. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपनं मोजा, चारही बाजूंना. डावी-उजवी बाजू सारखी नसेल, किंवा रिकाम्या गाडीतही कमान सरळ पट्टीसारखी दिसत असेल, तर ती थकली आहे. अशा वेळी मूळ मापाच्या नव्या कमानी, नवे बुश आणि नवे यू-बोल्ट घातले की हरवलेली उंची परत येते. बऱ्याच घरांचं काम इथंच संपतं.

त्याहून जास्त उंची हवी असेल तर गॅरेजात चार-पाच उपाय सांगतात. एकेक बघू.

एक, जुन्याच पाट्यांना पुन्हा बाक देणं. हे स्वस्त पडतं. पण साध्या भट्टीत लाल करून वाकवलेल्या पाट्याचं पाणी उतरतं आणि तो लवकरच पुन्हा बसतो. पाण्याचं काम जाणणारा कारागीर असेल तरच हे करावं.

दोन, कमानीत एक पाटा वाढवणं. उंची थोडी वाढते, वजनही पेलतं. पण रिकामी गाडी दगडासारखी आपटते. कंबरदुखी असलेल्या बाईला विचारा.

तीन, लांब शॅकल. शॅकल म्हणजे कमानीचं एक टोक चेसिसला टांगणारी कडी. एकच टोक खाली जातं म्हणून दोन इंच लांब शॅकलनं गाडी एकच इंच उचलली जाते. पुढच्या कमानीला हा उपाय केला तर चाकाचा मागं झुकलेला कोन कमी होतो आणि महामार्गावर स्टीअरिंग भरकटतं.

चार, ॲक्सल आणि कमान यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा. जुन्या विलिस जीपमध्ये कमान ॲक्सलच्या खालून जाते. तिथं मध्ये ठोकळा घातला तर गाडी उलट खाली बसेल! हा सल्ला देणाऱ्यानं गाडीखाली वाकून पाहिलेलंच नाही, असं समजा. कमान वरून जाणारी गाडी असली तरी पुढच्या चाकांना ठोकळा कधीच नको.

पाच, खालची कमान ॲक्सलच्या वर घेणं. यानं गाडी एकदम पाचेक इंच उचलली जाते आणि दिसतेही रुबाबदार. पण सीजे-३बीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर अवघं ८० इंच. इतक्या आखूड गाडीत प्रॉपेलर शाफ्ट तिरका होतो आणि त्याचे जॉइंट लवकर खातात. स्टीअरिंगचा दांडाही तिरका होतो, मग खड्ड्यात चाक खाली गेलं की स्टीअरिंग आपोआप ओढलं जातं. ब्रेकचा रबरी पाइप आणि शॉकअप दोन्ही आखूड पडतात.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट तोलाची. डोक्यावर एक गुंड असला तर आपण चटकन वळतो, दोन असले तर जपून वळतो. जीपचंही तसंच. तिच्या डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर जेमतेम चार फूट. ते तेवढंच राहतं आणि वजन मात्र वर जातं. पांदणीत हे जाणवत नाही, कारण तिथं वेग नसतो. पण तीच गाडी महामार्गावर येते, मागं बायका बसलेल्या असतात, समोर अचानक ढोर येतं आणि चालक स्टीअरिंग फिरवतो. उलटण्याचा धोका त्या क्षणी असतो. शिवाय पाच इंच उंच पायरीवर लुगडं सावरत म्हातारीनं चढायचं कसं?

कायदाही ध्यानात ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा नोंदणीतली माहिती वेगळी होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ मध्ये हेच सांगितलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी आणि पुढं दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, तेव्हा गाडी तपासली जाते. ५० वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमांप्रमाणे ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते, पण चेसिस, बॉडी, इंजिन मूळ रूपात हवं आणि ती गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. म्हणून काम करण्याआधी भंडाऱ्याच्या परिवहन कार्यालयात विचारा आणि विमा कंपनीलाही कळवा.

मग निवड कशी करायची? माझं मत सांगते. आधी थकलेल्या कमानी बदला. तरी गोळा टेकत असेल तर चिखलात धरणाऱ्या नक्षीचे, नियमात बसणारे टायर बघा. चेसिसच टेकत असेल तर मिस्त्रीला एक-दीड इंचाबद्दल विचारा, आणि तेही पूर्ण नव्या कमानी घालून. त्याच्या पुढं जाऊ नका.

काम झाल्यावर मिस्त्रीला तीन गोष्टी करून दाखवायला सांगा. चेसिस जॅकवर उचलून चाकं लोंबकळती ठेवायची आणि स्टीअरिंग दोन्हीकडं पूर्ण फिरवायचं. ब्रेकचा पाइप कुठंही ताणता कामा नये. यू-बोल्ट नवेच वापरलेत का ते बघायचं. आणि शंभरेक किलोमीटर चालल्यावर ते पुन्हा आवळून घ्यायचे.

चिखलातून निघणं महत्त्वाचं आहेच, मैत्रिणींनो. पण चिखलात फसलेली जीप ट्रॅक्टरनं ओढता येते. रस्त्यावर उलटलेल्या जीपचं तसं नसतं.