बीडचा उन्हाळा आणि गव्हाचा तांबेरा

जानेवारीत माजलगाव किंवा गेवराईकडच्या एखाद्या ओलिताच्या गव्हात शिरावं आणि डागाळलेलं पान अंगठ्यानं चोळावं. बोटाला विटकरी भुकटी लागली, तर तो तांबेरा. मग कृषी सेवा केंद्रातून प्रोपिकोनॅझोल येतं, दहा लिटर पाण्याला दहा मिली पडतं आणि पाठीवरचा पंप चालू होतो. एवढं करूनही डाग वाढले, तर ‘औषधात दम उरला नाही’ ही तक्रार ठरलेली. बुरशी औषधाला खरंच सरावते का?

युरोपात सरावली. १९९६च्या सुमारास स्ट्रोबिल्युरिन गटातली बुरशीनाशकं तिथल्या गव्हावर आली आणि १९९८मध्येच उत्तर जर्मनीत भुरी त्यांना जुमानेनाशी झाली. पुढे सेप्टोरिया करप्यानंही तेच केलं. ही औषधं बुरशीचा श्वसनाचा मार्ग रोखतात. त्या मार्गावरच्या एका प्रथिनात १४३व्या जागी ग्लायसीनऐवजी ॲलनीन बसलं, की औषधाला पकडायला जागाच उरत नाही. महाराष्ट्रातल्या द्राक्षबागांतल्या डाऊनीनंही हीच वाट धरली.

तांबेऱ्याची मात्र इथे गोची आहे. त्याच्या जनुकात नेमका १४३व्या जागेला लागून एक फालतू तुकडा असतो. प्रथिन बनण्याआधी तो कापून काढावा लागतो. तिथलं अक्षर बदललं, तर कापणीच बिघडते आणि बुरशीचा श्वास थांबतो. औषधापासून वाचवणारा बदलच तिच्या मुळावर येतो!

दुसरी अडचण बीडच्या उन्हाची. आग्र्याचे प्रा. करमचंद मेहता यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिलं, की मैदानी मुलखातल्या उन्हाळ्यात तांबेऱ्याचे बीजाणू तगत नाहीत. तो थंड डोंगरांवर टिकतो, दक्षिणेत निलगिरी-पलणीवर. तिथून वाऱ्यापावसाबरोबर दरवर्षी नव्यानं वर येतो. म्हणजे औषधाला सरावलेली एखादी बुरशी बीडच्या शिवारात निपजलीच, तरी मे महिना तिला खातो. द्राक्षाचा वेल बारमाही, त्याचा रोग बागेतच मुक्काम ठोकतो. गव्हाचं तसं नाही. म्हणून फवारा फसला की मी आधी औषधाला दोष देणार नाही. उशीर झाला होता का, पाणी कमी पडलं का, खालची पानं भिजली का, हे पाहीन.

प्रोपिकोनॅझोलच्या ट्रायाझोल गटाला मात्र १४३व्या जागेचा आसरा नाही. ती औषधं बुरशीच्या पेशीपटलातलं एर्गोस्टेरॉल बनू देत नाहीत, आणि तिथली संवेदनशीलता पायरीपायरीनं घटते. एकच औषध हंगामभर मारत राहू नये ते यासाठी. मॅन्कोझेब बुरशीवर एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतं. त्याला सरावणं अवघड.

पण तांबेऱ्याचं खरं कसब वाणांवर चालतं. लोक-१ शेतकऱ्यांचा लाडका, आणि तांबेऱ्याचाही. १९९८मध्ये युगांडात सापडलेल्या यूजी-९९ या तांबेऱ्याच्या जातीनं तर जगभर भरवशाचं ठरलेलं प्रतिकारक जनुक मोडून काढलं. म्हणूनच महाबळेश्वरच्या थंड हवेत गव्हावर मुद्दाम तांबेरा सोडून वाण पारखले जातात. निफाडच्या केंद्रानं त्र्यंबक, तपोवन, नेत्रावती असे वाण दिले. कापूस निघेपर्यंत पेरणी डिसेंबरात ढकलणाऱ्या बीडच्या शेतकऱ्याला फवाऱ्याआधी वाणाचाच आधार, कारण उशिराच्या गव्हावर तांबेरा जास्त माजतो.

शेतात तांबेऱ्याची कुठली जात आली, हे सिमल्याच्या फ्लॉवरडेल केंद्रात ओळखतात. देशभरातून तिथे डागाळलेली पानं जातात. ती सावलीत सुकवून कागदी पाकिटात घालायची. प्लॅस्टिकमध्ये घातली तर घाम सुटतो आणि पान वाटेतच कुजतं.