१६० चौरस फूट

बीडीडी चाळीतली खोली मोजायला टेप लागत नाही. मुंबईत वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, कुठेही जा, ती १६० चौरस फुटांचीच. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, मधून लांब पॅसेज, संडास सामाईक. १९२० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने कामगारांसाठी हा साचा काढला. काँक्रीटच्या त्या खोल्या लोकांना आवडल्या नाहीत. सुरुवातीला कित्येक रिकाम्याच राहिल्या. १९३० च्या कायदेभंगात सरकारने वरळीतल्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग केला. घराचा तुरुंग इतक्या सहज होतो, यात आराखड्याविषयी काय ते आलं.

पुढे माणसांनी तीच खोली वापरून वापरून बदलली. कापडगिरण्यांत कामाला आलेले बहुतेक पुरुष एकटे होते. एका खोलीत एकाच गावचे आठ-दहा जण कसे मावायचे? पाळीमुळे. दिवसपाळीवाला बाहेर पडला की त्याच जागी रातपाळीवाल्याची वळकटी उलगडायची. जागा वाढली नाही, वेळ वाटून घेतला. जेवण खानावळीत, म्हणजे बहुधा शेजारच्याच खोलीत. तिथली बाई वीस-पंचवीस जणांचं रांधायची, आणि रात्री त्याच फरशीवर तिची पोरं झोपायची. अशा खानावळवाल्यांना १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं.

बायकामुलं गावाहून आली तेव्हा वेळ वाटून भागेना. मग हात वर गेला. पोटमाळा आला, खाली सासू-सासरे आणि वर नवं जोडपं. पलंगाखाली पिंपं, पिंपांमागे धान्याचे डबे.

उंचीही संपली तेव्हा खोली दाराबाहेर सांडली. नकाशात पॅसेज म्हणजे नुसती येण्याजाण्याची वाट. प्रत्यक्षात तिथे दिवसा पापड वाळले, संध्याकाळी पोरांनी अभ्यास केला, रात्री अंथरुणं पडली. दार दिवसभर उघडं, फार तर पडदा. कुणाच्या दारासमोरची किती जागा कुणाची, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. त्यावरून भांडणं मात्र रोज. खोलीत न मावणारं लग्न आणि गणपती चाळीसमोरच्या पटांगणात गेले.

१९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थांबत गेले. पाळीने झोपण्याचं कारणच उरलं नाही. घरातला पुरुष दिवसाही घरी दिसू लागला, आणि तेवढ्याच खोलीत शिवणयंत्र, शिकवणी असं काय काय शिरलं.

आता पुनर्विकासात रहिवाशांना टॉवरमध्ये ५०० चौरस फुटांचं घर ठरलं आहे. वरळीतल्या पहिल्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये मिळाल्या. घरातच संडास. पहाटे रांगेत उभं न राहिलेल्याला याचं मोल कळायचं नाही. पण टॉवरचा पॅसेज आगीच्या नियमांनी मोकळा ठेवावा लागतो. मुंबईतल्या कुठल्याही उंच इमारतीत लिफ्टमधून बाहेर पडा आणि दारांकडे पाहा. आधी चपलांचं स्टँड दिसेल, मग तुळशीची कुंडी, मग पोराची सायकल. आणि लिफ्टशेजारी सोसायटीची नोटीस: पॅसेजमध्ये सामान ठेवू नये.