चैत्रातील खेळाचा तास

चैत्र लागला की पालकसभेत एक प्रश्न हमखास निघतो : एवढ्या उन्हात मुलांना कवायतीसाठी मैदानावर न्यावे का? काही पालक तास रद्दच करा म्हणतात, काहींना ही नसती चिंता वाटते. शाळा बहुधा मधला मार्ग काढते व तो तास सकाळी सातला ठेवते. आपल्या घरांपुरते पाहिले, तर या उत्तरात एक उणीव राहते.

चौविहार पाळणारे मूल सूर्यास्तानंतर पाणी घेत नाही. एप्रिलच्या मध्यास आपल्याकडे सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो आणि सकाळी सहा-सव्वासहाला उगवतो. नवकारशी त्यानंतर 48 मिनिटांनी, म्हणजे सातच्या आसपास येते. तोवर शाळेची गाडी निघून गेलेली असते. कोवळ्या उन्हात धावणारे हे मूल बारा तास निर्जळ असते. अशा मुलांसाठी तास नवकारशीनंतर, पाणी व थोडा अल्पाहार झाल्यावर, दुसऱ्या तासिकेला ठेवणेच योग्य.

नवपद ओळीचे नऊ दिवसही याच चैत्रात येतात. आयंबिल करणाऱ्या मुलास शाळेच्या नळाचे पाणी चालत नाही, आणि मित्रांदेखत ते सांगण्याचा संकोच वाटतो. मग ते तहान सोसत राहते. उन्हाळ्यात उकाळलेल्या पाण्याचा काळ पाच प्रहरांचा मानला आहे. तेव्हा सकाळी उकाळून थंड केलेले पाणी शाळाभर पुरते. फक्त बाटली मोठी हवी. त्या दिवशी मुलाने सावलीत बसून गुण मोजावेत, अशी चिठ्ठी पालकांनी वर्गशिक्षकांना द्यावी. तप शक्तीनुसार करावे, हे आपले शास्त्रच सांगते. पच्चक्खाणाच्या पाठात समाधीसाठी आगारही ठेवलेले आहे. मूल खरोखर अत्यवस्थ झाल्यास आईने पाणी देताना कचरू नये.

इतर दिवशी मात्र तास बंद करण्याच्या बाजूने आम्ही नाही. दुकान, सदनिका आणि मोबाइल यांत वाढणाऱ्या आपल्या मुलांना मैदान तसेही कमीच लाभते. शरीराला उन्हाची सवय होण्यास दहा-चौदा दिवस लागतात. म्हणून उष्मा वाढू लागताच खेळ हलके व थोडा वेळ असावेत. मुलांना मोठ्यांपेक्षा घाम कमी येतो आणि वजनाच्या मानाने त्यांची त्वचा अधिक असल्याने तापलेली हवा त्यांना लवकर बाधते. केवळ पारा पाहूनही भागत नाही. हवामान खाते उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी प्रदेशात 40 अंश, तर किनाऱ्यावर 37 अंश ही किमान मर्यादा धरते, कारण दमट हवेत घाम वाळत नाही. खारघरला 16 एप्रिल 2023 रोजी उघड्या मैदानावरील सोहळ्यानंतर उष्माघाताने 14 जण दगावले. ते तर नुसते बसलेले होते.

मूल असंबद्ध बोलू लागले किंवा झोकांड्या खाऊ लागले, तर सावलीत नेऊन अंग ओले करावे, वारा घालावा व 108 क्रमांकास कळवावे. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये.

आडत बाजारात वैशाखातील गाडी ऊन चढण्याआधी खाली करून घेण्याची दक्षता आपण घेतोच. गावोगावच्या शिक्षणसंस्थांच्या विश्वस्त मंडळांवरही आपलीच माणसे आहेत. चौकात पाणपोई घालणाऱ्या घरांनी यंदा एखाद्या शाळेच्या मैदानाकडेला पत्र्याऐवजी हिरव्या जाळीचा मांडव आणि उकाळलेल्या पाण्याचा एक वेगळा माठ देण्याचा विचार करावा. पुढील पालकसभेत तो विषय मांडता येईल.