रुग्णवाहिकेच्या वाटेचा पाया

रुग्णालयाचा प्रवेशमार्ग व वाहनतळ यांवरील खड्डे अहवाल वर्षात दोनदा बुजविण्यात आले; दोन्ही खर्च पुढच्या पावसात वाहून गेले. अस्थिभंगाच्या रुग्णास रुग्णवाहिकेचा प्रत्येक हादरा सोसावा लागतो. म्हणून दोष वरच्या थराचा नसून पायाचा आहे, हे देणगीदारांपुढे मांडणे आम्ही कर्तव्य समजतो.

आपली जमीन काळ्या मातीची आहे. ही माती पाण्याने फुगते, उन्हाने आकसून भेगाळते आणि तिच्यावर थेट केलेले डांबरीकरण वा काँक्रीट उखडते. यास्तव प्रथम ही माती काढून त्या जागी चांगल्या प्रतीचा मुरूम भरावा लागतो. तो सुमारे १५ सें.मी.च्या थरांनी पसरून, पाणी मारून, प्रत्येक थरावर रोलर फिरविणे आवश्यक असते. एकदम जाड थर टाकल्यास वरचाच भाग दबतो, खालचा पोकळ राहतो. त्यावर दगडी सोलिंग, खडीची दबाई व शेवटी पेव्हर ब्लॉक असा क्रम असतो. ब्लॉक सरकू नयेत म्हणून कडेला पक्की कड हवी. पाणी मुरू नये म्हणून ५० फुटांस १ फूट उतार व गटार हवे.

दरवर्षीची डागडुजी महसुली खर्चात विरून जाते. पाया मात्र संस्थेची मालमत्ता ठरतो. जमिनीखाली गाडल्या जाणाऱ्या या कामास कोनशिला लाभत नाही. तरीही देणगीदारांनी यास प्राधान्याने साहाय्य करावे, ही नम्र विनंती.